श्राव्यातीत ध्वनीने अर्क काढताना वेळ वाढवल्यावर अँटिऑक्सिडंट क्षमता का घटते?

प्रश्न:
सुकवलेल्या पानांच्या भुकटीतून फिनॉलिक संयुगे (वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट पदार्थ) काढण्यासाठी मी 20 किलोहर्ट्झचा प्रोब (द्रवात बुडवून ध्वनिकंपने देणारा दांडा) आणि 60 टक्के इथेनॉल वापरतो. 10 मिनिटांचा अर्क घातल्यावर डीपीपीएचचा (अँटिऑक्सिडंटमुळे रंग उडणारा, क्षमता मोजण्यासाठीचा अभिकर्मक) जांभळा रंग लगेच फिका होऊन पिवळसर होतो, परंतु 30 मिनिटांचा अर्क तपकिरी दिसतो आणि 517 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर मोजल्यास त्याची क्षमता कमी भरते. अधिक वेळात अधिक संयुगे बाहेर यायला हवीत, मग हे कशामुळे होत असावे?

उत्तर 1:
अर्काचे तापमान मोजले होते का? ध्वनिलहरींमुळे द्रावकात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, वाढत जातात आणि एकदम कोसळतात. त्या क्षणी त्यांच्या आत काही हजार अंश तापमान निर्माण होते. कणाजवळ कोसळणारा बुडबुडा कणाच्या दिशेने द्रवाची बारीक धार सोडतो, आणि त्या माऱ्याने पेशीभित्तिका फुटून द्रावक आत शिरतो. मात्र तिथेच पाण्याचे रेणू तुटून हायड्रॉक्सिल मूलक हे अतिक्रियाशील कणही तयार होतात, आणि जी संयुगे मिळवण्यासाठी हा सारा खटाटोप चालला आहे त्यांचेच ते ऑक्सिडीकरण करतात. शिवाय प्रोबची बहुतेक ऊर्जा शेवटी उष्णता होऊन द्रावकातच राहते. द्रावक तापला की बुडबुड्यांत वाफ भरते व त्यांचे कोसळणे सौम्य होते, म्हणजे उष्णतेने संयुगेही बिघडतात आणि निष्कर्षणाचा जोरही ओसरतो.

चंचुपात्र बर्फाच्या पाण्यात ठेवा, प्रोब 5 सेकंद चालू व 5 सेकंद बंद असा चालवा आणि दर 2 मिनिटांनी नमुना काढा. त्याच तापमानाला, तेवढाच वेळ, नुसते ढवळून काढलेला अर्क तुलनेला हवाच. तो नसेल तर दिसलेल्या परिणामाचे श्रेय ध्वनीला देता येत नाही.

उत्तर 2:
त्याआधी एक शंका दूर करा. तपकिरी अर्क स्वतःही 517 नॅनोमीटरवर प्रकाश शोषतो, त्यामुळे क्षमता आहे त्यापेक्षा कमी दिसू शकते. प्रत्येक अर्काचे डीपीपीएचशिवाय वाचन घेऊन ते वजा करा. फोलिन-सिओकाल्टू चाचणी (एकूण फिनॉल मोजण्याची) करणार असाल तर तिच्या आकड्यालाही थेट फिनॉल समजू नका, कारण ॲस्कॉर्बिक आम्लासारखे इतर क्षपणकारक (इलेक्ट्रॉन देणारे) पदार्थही त्या अभिकर्मकाला निळा रंग आणतात.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. 30 मिनिटांच्या शेवटी अर्क 64 अंश सेल्सिअसला पोहोचलेला आढळला. अर्काचे स्वतःचे वाचन वजा केल्यावर घट निम्म्याने कमी झाली, पण उरली. बर्फात, थांबून थांबून प्रोब चालवल्यावर प्रोब चालू असलेल्या 10 व 30 मिनिटांच्या वाचनांत नाव घेण्याजोगा फरक राहिला नाही, म्हणून यापुढे 10 मिनिटांवरच थांबणार आहे. नुसते ढवळलेले नमुने उद्या लावतो.