घरच्या कॉम्प्युटरवर एआय मॉडेल चालवायचंय, 40 हजारात काय घेऊ?

कलमवाला: देवगडात आंब्याची बाग आहे. 11 वर्षांच्या मोहर, फवारणी, पेट्यांच्या नोंदी मराठीत टाइप करून ठेवल्यात. त्यातून "तुडतुडे कुठल्या वर्षी लवकर आले" असं विचारलं की उत्तर मिळायला हवं. पावसात नेट दोन-दोन दिवस नसतं म्हणून घरातच चालवायचंय. बजेट 40 हजार. जुना डेस्कटॉप आहे, आय-फाइव्ह, 8 जीबी रॅमची एकच पट्टी.

सड्यावरचा: आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड घे, डोळे झाकून. मी सेकंडहँड घेतलंय, वर्ष झालं, मस्त पळतंय. फक्त 12 जीबी मेमरीवालं बघून घे, त्याच नावाचं 8 जीबीचंपण येतं. 8 अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे आतल्या आकड्यांचं) मॉडेल 4 बिटमध्ये दाबलं की साधारण 5 जीबीत बसतं, वर तुझ्या नोंदींना जागा उरते.

अलिबागकर: ॲपलचा छोटा डेस्कटॉप घे, मॅक मिनी एम-4, 16 जीबी. भारतात आला तेव्हा 59,900 होता. आवाज नाही, वीज नावाला.

कलमवाला: दादा, बजेट 40 आहे.

अलिबागकर: वाचलं रे, पण एकदाच घ्यायचंय ना.

मालवणी_झील: हय लायट दिवसाक चार वेळा जाता. आधी यूपीएस घे, मगे कार्डाचा बघ.

सड्यावरचा: इन्व्हर्टर आहे ना घरात, यूपीएस कशाला?

मालवणी_झील: स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर माझ्या कॉम्प्युटरचो एसएमपीएस (वीज देणारो डबो) गेलो, म्हणान सांगतंय.

वाशिष्ठीकाठी: काहीही घ्या, जमिनीवर ठेवू नका. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी घुसलं तेव्हा माझा सीपीयू टेबलाखाली होता. आईचे सगळे फोटो त्यात होते, ते परत मिळाले नाहीत. आता हार्ड डिस्क माळ्यावर.

गुहागरी: 3060 ला माझंपण मत. 12 जीबीवालं.

दापोलीतून: आधी फुकट करून बघ. ओलामा हे मॉडेल चालवायचं सॉफ्टवेअर टाक आणि त्यात गूगलचं जेम्मा 3 मॉडेल, 4 अब्जवालं, उतरव, डाउनलोड साधारण 3.3 जीबी. कार्डाशिवाय चालतं पण हळू, कारण प्रत्येक टोकनला (शब्दाच्या तुकड्याला) जवळपास अख्खं मॉडेल रॅममधून वाचावं लागतं. म्हणून दुसरी 8 ची पट्टी लाव, दोन्ही पट्ट्या एकदम वाचल्या जातात (ड्युअल चॅनल), त्याने वेग वाढतो. सगळ्या नोंदी एकदम देऊ नकोस, मराठीला टोकन जास्त लागतात, आधी वर्ष शोधून तेवढंच पान दे. आणि औषधाचं प्रमाण त्याला अजिबात विचारू नकोस, छातीठोक चुकीचं सांगतं. त्यासाठी आपल्या कोकण कृषी विद्यापीठाचं वेळापत्रक आहे.

सड्यावरचा: कार्डाशिवाय म्हणजे बैलगाडी. लॅपटॉपचा तर विचारच नको.

कलमवाला: सगळ्यांचे आभार. डेस्कटॉपवर जेम्मा चालवून बघितलं, 2019 च्या मोहराचं बरोबर सांगितलं. तरी शेवटी जुना लॅपटॉपच घेतला, 16 जीबी, 27 हजारात. लाइट गेली तरी बॅटरीवर चालतो, पाणी आलं तर उचलून माळ्यावर नेता येतो. हळू आहे, पण प्रश्न टाकून जेवायला बसतो. दापोलीवाल्या दादा, एका वर्षाची एक फाइल केली तर चालेल का, की महिन्याची करू?