शब्दचर्चा : फील्डला ‘क्षेत्र’ म्हणताना

अध्यापिका, कसबा बावडा

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी विद्युतचुंबकीय क्षेत्र सिद्धांत शिकवते. वर्गात कागल, राधानगरी, पन्हाळा भागातली बरीच मुलं असतात, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, पण अर्थ लागतो तो मराठीतच, म्हणून समजावताना मी मराठी बोलते. आणि दरवेळी ‘क्षेत्र’ या शब्दापाशी अडते.

आपल्याकडं क्षेत्र म्हटलं की हद्द आलीच. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, साखर कारखान्याचं कार्यक्षेत्र असतं, काळम्मावाडी धरणाचं लाभक्षेत्र असतं. सगळ्यांना कुठं ना कुठं बांध घातलेला. मग मुलं प्रभाराभोवती (चार्जभोवती) एक गोल काढतात आणि ‘याच्या आत क्षेत्र, बाहेर काही नाही’ असं धरून चालतात. शब्दच बदलावा का? नुसतं ‘फील्ड’ म्हणावं? ‘प्रभार’, ‘अभिवाह’ (फ्लक्स), ‘विभव’ (पोटेन्शियल) यांच्याबद्दलही जाणकारांचं मत हवं आहे.

रिवाइंडिंगवाले, उद्यमनगर

मॅडम, आमच्या दुकानात फिल्ड हातात धरता येती. मिक्सर आला की पयलं बघतो, आर्मेचर गेलंय का फिल्ड जळलीय. फिल्ड म्हंजे बाहेरची, न फिरणारी कॉइल, लॅमिनेशनच्या पत्र्यांवर भरलेली. आत फिरतंय ते आर्मेचर. कॉलेजची पोरं प्रोजेक्टला येत्यात, ‘काका, फिल्ड दाखवा’ म्हणत्यात. मी कॉइल पुढं करतो, तर म्हणत्यात ही न्हवं, क्षेत्र दाखवा.

मग मी एक करतो. आर्मेचर काढून ठेवायचं, फिल्डला फक्त बॅटरी लावायची आणि मधल्या पोकळीत पोलाजवळ पेचकस न्यायचा. हाताला ओढ कळती. बॅटरी काढली की ओढ गेली. पोकळीत तर काहीच न्हवतं, मग ओढलं कुणी? एवढं इचारलं की पोरं गप हुत्यात आणि मग समजून घेत्यात.

अध्यापिका, कसबा बावडा

काका, पुढच्या बॅचला मी हे वर्गातच करून दाखवणार. तुमच्या दुकानातली ‘फिल्ड’ म्हणजे ‘फील्ड कॉइल’चं आखूड केलेलं रूप. कॉइल हे कारण, आणि क्षेत्र म्हणजे त्या रिकाम्या पोकळीत बिंदूबिंदूला असलेली ओढ: किती आणि कुठल्या दिशेनं. ‘किती’ आणि ‘कुठल्या दिशेनं’ हे दोन्ही सांगावं लागतं, म्हणून ते सदिश क्षेत्र. वर्गातल्या हवेचं तापमानही बिंदूबिंदूला वेगळं असतं, पण त्याला दिशा नाही, म्हणून ते अदिश क्षेत्र.

हद्दीचा गैरसमज आकड्यांनी जातो असं माझं मत आहे. १ नॅनोकूलोम प्रभारापासून १ मीटरवर विद्युत क्षेत्राची तीव्रता सुमारे ९ व्होल्ट प्रति मीटर. १० मीटरवर ती ०.०९. १०० मीटरवर ०.०००९. शून्य कुठंच नाही. आणि निरभ्र दिवशी खासबाग मैदानात उभं राहिलं, तर जमिनीलगत सुमारे १०० व्होल्ट प्रति मीटरचं क्षेत्र खाली रोखलेलं असतं. मैदानाला भिंत आहे, त्या क्षेत्राला नाही.

संस्कृत शिकवणारे, मंगळवार पेठ

‘क्षेत्र’ काढून टाकू नका. ‘क्षि’ म्हणजे राहणं, वसणं. त्यावरून क्षेत्र, आणि त्याचंच बदलत आलेलं रूप म्हणजे आपलं शेत. बांधाचा अर्थ वापरातून चिकटला, धातूत तो नाही. ‘जिथे काहीतरी वसतं ती जागा’ हा मूळ अर्थ तुमच्या विषयाला लागू पडतो, असं मला वाटतं.

‘प्रवर्तन’ हा तर मला या सगळ्या यादीतला सर्वांत चांगला शब्द वाटतो. इंडक्शनला दहावीच्या पुस्तकात तोच आहे. प्रवर्तन म्हणजे प्रवृत्त करणं, चालायला लावणं. ‘विभव’ म्हणजे ऐश्वर्य, सामर्थ्य. मुलांना तो जड जातो याचं कारण इतकंच की बोलताना आपण ‘वैभव’ म्हणतो, ‘विभव’ कुणी म्हणत नाही.

अध्यापिका, कसबा बावडा

सर, तुम्ही म्हणता त्याला इतिहासाचाही आधार आहे. विद्युतचुंबकीय समीकरणं मांडणाऱ्या मॅक्सवेलनं १८६५ साली छापलेल्या निबंधात फील्डची व्याख्या जागा अशीच केली आहे: विद्युत किंवा चुंबकीय अवस्थेतल्या वस्तू जिच्यात आहेत आणि जी त्यांना वेढून आहे ती जागा. बिंदूगणिक एक सदिश हा अर्थ आज आपण शिकवतो. तेव्हा ‘क्षेत्र’ ठेवू. फक्त ‘क्षेत्र मोठं आहे’ असं वाक्य मी वर्गात बंद करणार आहे, कारण त्यातून पसारा कळतो, जोर कळत नाही. त्याऐवजी ‘इथली तीव्रता जास्त आहे’ म्हणायचं.

निवृत्त लाइनमन, शिरोली

‘प्रभार’बद्दल सांगतो. आमच्या खात्यात ‘भार’ म्हणजे लोड, भारनियमनातला. ‘प्रभार’ म्हणजे रजेवर गेलेल्या साहेबाचं काम दुसऱ्यानं बघायचं ते. आणि ‘लाइन चार्ज आहे’ म्हणजे लाइनीत सप्लाय आहे, हात लावू नको. यातलं काहीच तुमच्या कूलोमवालं नाही. पोरांना हे वेगळं करून सांगा, कारण नोकरीत त्यांना हेच शब्द आमच्या अर्थानं ऐकायला मिळणार आहेत.

व्होल्टेजला आम्ही दाब म्हणतो, उच्चदाब वाहिनी आणि लघुदाब वाहिनी. तो शब्द चालतो का?

अध्यापिका, कसबा बावडा

दादा, चालतो, पण दाब नेहमी दोन ठिकाणांमधला असतो हे सांगून. ११ हजार व्होल्टच्या एका तारेवर पाखरू खुशाल बसतं, कारण त्याच्या दोन पायांमध्ये विभवांतर जवळपास नसतंच. पुस्तकातला ‘विभवांतर’ हा शब्द मला म्हणूनच आवडतो, ‘अंतर’ त्यातच आहे. आणि विभव जिथं थोड्या जागेत झपाट्यानं बदलतो तिथं विद्युत क्षेत्र तीव्र. प्रभाराला मी वर्गात चार्जच म्हणते, ‘प्रभार’ एकदा फळ्यावर लिहून ठेवते.

दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

मॅडम, अभिवाहचं सांगा ना. आम्ही फ्लक्सच म्हणतो. बंद पृष्ठातून चुंबकीय फ्लक्स शून्य असतो असं पाठ केलंय, पण मग आत चुंबकीय क्षेत्रच नाही असं होतं का?

अध्यापिका, कसबा बावडा

नाही, आणि तुझ्यासारखे बरेच जण इथंच गडबडतात. आपला कोल्हापुरी बंधारा डोळ्यासमोर आण. दोन खांबांमधला गाळा घे, बरगे काढलेला. त्यातून सेकंदाला किती पाणी जातं हे तीन गोष्टींवर ठरतं: पाण्याचा वेग, गाळ्याची रुंदी-उंची, आणि पाणी गाळ्यावर सरळ येतंय की तिरकं. पाणी गाळ्याला समांतर वाहिलं तर वेग कितीही असो, गाळ्यातून काही जाणार नाही. फ्लक्स हेच मोजतो. आता नदीत बुडवलेली एक जाळीची पेटी घे. एका बाजूनं जेवढं पाणी आत शिरलं, तेवढंच बाकीच्या बाजूंनी बाहेर पडलं. बेरीज शून्य. म्हणून पेटीत पाणी नाही असं म्हणशील का? चुंबकीय क्षेत्राचंही असंच: सुटा उत्तर ध्रुव मिळत नाही, म्हणून जेवढ्या रेषा आत जातात तेवढ्या बाहेर येतात.

एक सावधगिरी मात्र हवी. नदीत पाणी खरोखर वाहतं, चुंबकीय फ्लक्समध्ये काहीही वाहत नाही. ‘अभिवाह’ शब्दातला ‘वाह’ आणि लॅटिन फ्लक्समधला प्रवाहाचा अर्थ, दोन्ही इथं सारखेच दिशाभूल करतात. म्हणून या एका ठिकाणी मी ‘फ्लक्स’वर समाधानी आहे. रोजच्या बोलण्यात त्याला दुसरा अर्थ नाही, आणि म्हणून चुकीचं काही मागून येत नाही.

घरी करून बघायचं असेल तर वाइंडिंग वायरचे दहा-बारा वेढे घेऊन कॉइल कर, टोकांचं इनॅमल खरवड आणि तिथं एलईडी जोड. इंडक्शन शेगडी चालू कर, भांडं ठेवू नकोस. भांडं शोधायला शेगडी मधूनमधून छोटे ठोके सोडते. कॉइल शेगडीच्या मध्यावर आडवी धरलीस की एलईडी लुकलुकेल. उभी केलीस की विझेल. फॅरडेचा १८३१ चा शोध आणि वरचा तिरकेपणा, दोन्ही एकदम दिसतात. तार कशालाही जोडलेली नसते, बदलता फ्लक्स तिच्यातल्या इलेक्ट्रॉनांना प्रवृत्त करतो. मंगळवार पेठेतल्या सरांचं प्रवर्तन ते हेच.

दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

करतो, मॅडम. एकच राहिलं. ‘विस्थापन धारा’, म्हणजे डिस्प्लेसमेंट करंट. कपॅसिटरच्या दोन पट्ट्यांमध्ये तार नाही, मग विस्थापन कशाचं?

अध्यापिका, कसबा बावडा

निर्वात कपॅसिटर घेतलास तर कशाचंच नाही. हे नाव मॅक्सवेलच्या जुन्या कल्पनेतून आलं. त्यानं अवकाश एका माध्यमानं भरलेलं मानलं होतं आणि त्या माध्यमात प्रभार किंचित सरकतात असं धरलं होतं. पुढं ते माध्यम भौतिकशास्त्रातून गेलं, नाव राहिलं. समीकरणात असतं ते एवढंच: बदलतं विद्युत क्षेत्रही, तारेतल्या धारेसारखंच, आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार करतं. हे पद काढलंस तर मॅक्सवेलच्या समीकरणांमधून लहर निघत नाही. ठेवलंस तर निघते, आणि निर्वातात तिचा वेग येतो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. आकाशवाणी कोल्हापूरची १०२.७ मेगाहर्ट्झची लहर या हिशेबानं सुमारे २.९ मीटर लांबीची. घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेला तोच भागाकार लाव, ६,००० किलोमीटर येतील. लॅबमधल्या टेबलावर ५० हर्ट्झचं सर्किट सोडवताना लहर विसरलेली चालते ती त्यामुळं. अँटेनाच्या पेपरात चालणार नाही.