नरकाची शिक्षा खरंच कधीच न संपणारी आहे का? आपल्या नगरच्या ह्यूमसाहेबांवरून सुरू झालेला वाद

नगरी_माणूस

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. विषय जड आहे पण मनात फार दिवस आहे म्हणून लिहितोय, कोणाचा विश्वास डळमळीत करायचा हेतू नाही.

नगरमध्ये ह्यूम मेमोरियल चर्च सगळ्यांना माहीत असतं, पण ज्यांच्या नावाचं ते चर्च आहे त्या रॉबर्ट ह्यूमसाहेबांना एकेकाळी नरकाच्या प्रश्नावरून परत नगरला पाठवायचं की नाही यावर अमेरिकेत मोठा वाद झाला होता हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ह्यूमसाहेब मुंबईत १८४७ ला जन्मले, शिकायला अमेरिकेत गेले आणि १८७४ ला मिशनरी म्हणून नगरला आले. १८८६ ला ते रजेवर तिकडे होते आणि त्या वेळी पाळक घडवणाऱ्या अँडोव्हर सेमिनरीचे काही प्राध्यापक असं मांडत होते की ज्या माणसाने येशूचं नावही कधी ऐकलं नाही त्याचा निकाल मरणाच्या क्षणी लागत नसेल, शेवटच्या न्यायाआधी ख्रिस्त त्याला भेटेल आणि तेव्हा त्याला निवड करता येईल. ह्यूमसाहेबांनी या विचाराला जागा असावी असं उघड सांगितलं. झालं, त्यांना मिशनरी म्हणून पाठवणाऱ्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्डात खळबळ. त्याच वर्षी डे मॉईन गावातल्या वार्षिक सभेत याच विषयावर खडाजंगी झाली. विरोधकांचं म्हणणं एकच होतं, की न ऐकलेले सगळे सरळ नरकात जातात हे सोडलंत तर मिशनचा कणाच मोडेल, मग लोक पैसे कशाला देतील आणि पोरं समुद्र ओलांडून कशाला जातील.

शेवटी ह्यूमसाहेब परत आले. आणि १९२० च्या दशकापर्यंत नगरलाच राबले. सेमिनरी चालवली, १८९७ आणि १९०० च्या दुष्काळात अनाथ पोरं सांभाळली. कुठे मोडला कणा?

आता माझा प्रश्न. आमचं घराणं महारवाड्यातलं, छप्पन्नच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर बाप्तिस्मा झालेलं. त्याच्या आधीच्या पिढ्यांना गावाने पाणवठा बंद केला, देवळाची पायरी बंद केली, आणि येशूचं नाव तर त्यांच्या कानावर पडायचा प्रश्नच नव्हता कारण कोणी सांगायला आलंच नव्हतं. ती माणसं उपाशी मेली. आणि आपण म्हणायचं की ती आत्ता जळतायत आणि कायम जळत राहणार, कोटी वर्षांनी पण शिक्षा सुरूच असणार? मी हे म्हणू शकत नाही. शिक्षा आहे, न्याय आहे, मी ते नाकारत नाही. पण न संपणारी शिक्षा देणारा पिता मला येशूमध्ये दिसत नाही.

वचनसेवक_जालना

ब्रदर सलाम. तुमच्या मनातलं दुःख समजतंय, कारण माझेही आजोबा त्याच वाड्यातले. पण आपण भावनेवर सिद्धांत बांधायचा की वचनावर? मत्तय २५:४६ मध्ये प्रभू स्वतः बोलतोय, पौल नाही, कोणी धर्मपंडित नाही. एक गट सार्वकालिक शिक्षेत, दुसरा सार्वकालिक जीवनात. एकाच वाक्यात दोन्हीकडे तोच शब्द आहे. जीवन कधी संपणार नाही हे तुम्ही आनंदाने मान्य करता आणि शिक्षा मात्र संपेल म्हणता, हे कसं चालेल? ऑगस्टीनने हेच विचारलं होतं आणि सोळाशे वर्षांत याचं नीट उत्तर मला कोणाकडून मिळालेलं नाही.

दुसरं, इब्री ९:२७. माणसाने एकदा मरायचं आणि त्यानंतर न्याय. मध्ये दुसरी संधी कुठे लिहिलीये? लूक १६ मधला श्रीमंत माणूस बघा, त्याला अब्राहाम काय सांगतो, मध्ये मोठी दरी आहे, इकडचा तिकडे जाऊ शकत नाही.

आणि तिसरं, जे तुमच्याच घरातून येतं. माझ्या आजोबांना विहिरीवर मारलं होतं. डोक्यावरची खूण मी लहानपणी हात लावून बघितलीये. ज्यांनी मारलं ती माणसं मानाने जगली, मानाने मेली, कोणी एक दिवस तुरुंगात गेलं नाही. प्रकटीकरण ६ मध्ये वेदीखालचे आत्मे ओरडतात की प्रभू किती काळ तू न्याय करणार नाहीस. तो ओरडा माझ्या आजोबांचा पण आहे. तुम्ही नरकाला शेवट लावलात तर त्या मारणाऱ्यांना सुटका देताय.

शब्बाथ_पुणे

दोघांनाही सलाम. मी सेव्हन्थ डे वाला, म्हणजे शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्या अॅडव्हेंटिस्ट पंथाचा आहे त्यामुळे आमची बाजू तुम्हाला माहीत असेलच पण इथे कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. तुम्ही दोघं एक गोष्ट गृहीत धरताय की आत्मा आपोआप अमर आहे. शास्त्र असं म्हणतच नाही. १ तीमथ्य ६:१६ वाचा, अमरपण एकट्या देवाला आहे. माणसाला ते ख्रिस्तात मिळतं, ज्याला ख्रिस्त नको त्याला मिळत नाही. म्हणून पौल म्हणतो पापाचे वेतन मरण आहे. यातना असं म्हणत नाही, मरण म्हणतो. मत्तय १०:२८ मध्ये प्रभू म्हणतो देव शरीर आणि आत्मा दोन्हींचा नरकात नाश करू शकतो. नाश म्हणजे नाश.

वचनसेवक ब्रदर, मत्तय २५ बद्दल, शिक्षेचा परिणाम सार्वकालिक आहे, माणूस पुन्हा उठणार नाही. यहूदाचं पत्र ७ वं वचन बघा, सदोम आणि गमोरा यांना सार्वकालिक अग्नीची शिक्षा झाली असं लिहिलंय. सदोम आज जळतंय का? नाही ना. जळून संपलं, आणि कायमचं संपलं. तुमच्या आजोबांना न्याय मिळेलच, पण देव कोणाला अनंतकाळ जिवंत ठेवून छळत बसणार नाही. यहेज्केल ३३:११, दुष्टाच्या मरणाने मला संतोष होत नाही असं तो स्वतः शपथेवर सांगतो.

वचनसेवक_जालना

मग प्रकटीकरण २०:१० चं काय करायचं? रात्रंदिवस, युगानुयुग पीडा असं स्पष्ट आहे. आणि १४:११, त्यांच्या पीडेचा धूर युगानुयुग वर जातो. आणि मार्क ९ मध्ये किडा मरत नाही व अग्नी विझत नाही. जे संपलंय त्याला किडा कशाला लागतो?

शब्बाथ_पुणे

मार्क ९ मधलं वाक्य यशया ६६:२४ मधून आलंय आणि तिथे लोक बाहेर जाऊन प्रेतं बघतात. प्रेतं, जिवंत माणसं नाहीत. आणि प्रकटीकरण २०:१४ मध्ये मरण आणि अधोलोक हेच अग्नीच्या सरोवरात टाकले जातात, आता मरणाला यातना कशा होतील? योहान तिथेच सांगतो, हे दुसरे मरण आहे.

संडेस्कूल_टीचर

मला तुमच्याएवढी वचनं पाठ नाहीत पण मी लहान मुलांना शिकवते म्हणून बोलते. रुंद मार्ग आणि अरुंद मार्गाचं ते जुनं चित्र आठवतंय का, बऱ्याच चर्चमध्ये भिंतीवर असायचं? डावीकडे रुंद रस्ता, नाटकगृह, जुगार, आणि वर रविवारी धावणारी आगगाडी, आणि त्याच्याही वर जळणारं शहर. आमच्या वर्गात ते लावलेलं होतं. एका मुलीने मला विचारलं, टीचर त्या गाडीत बसलेले सगळे जळणार का, माझे बाबा रविवारी ड्यूटीला गाडीनेच जातात. ती मुलगी त्या रात्री झोपली नाही असं तिची आई सांगत आली. मी चित्र काढून ठेवलं आणि त्यावरून आमच्या कमिटीत बरंच झालं, मला म्हणाले तुम्ही मुलांना अर्धी सुवार्ता शिकवताय. मला खरंच विचारायचंय वचनसेवक ब्रदर, भीतीने आलेलं मूल प्रभूवर प्रेम करतं की फक्त आगीपासून पळतं?

वचनसेवक_जालना

सिस्टर, सात वर्षांच्या मुलीसमोर ते चित्र लावणं मलाही पटत नाही, चित्र काढलंत ते बरं केलंत. पण सत्य कोणत्या वयात सांगायचं हा एक प्रश्न आणि ते सत्य आहे की नाही हा दुसरा. गेहेन्नाबद्दल, म्हणजे नरकाबद्दल, सगळ्यात जास्त येशूच बोललाय. ज्याने मुलांना मांडीवर घेतलं तोच बोललाय. त्याला वाटलं असतं की हे सांगणं प्रेमाच्या विरुद्ध आहे तर तो बोलला नसता.

वसईची_लेक

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे हा वाद थोडा वेगळा असतो. ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे की नरक आहे आणि तो अनंत आहे, मी त्याच्या बाहेर जात नाही. पण दोन गोष्टी सांगते. एक, ख्रिस्तसभेने हजारो लोकांना संत म्हणून जाहीर केलं पण अमुक माणूस नरकात गेला असं आजपर्यंत एकाचंही नाव घेऊन जाहीर केलेलं नाही. दुसरं, नगरी दादांच्या पूर्वजांबद्दल, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ ला असं म्हटलंय की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय सुवार्ता कळलीच नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणे वागतात त्यांनाही तारण मिळू शकतं. म्हणजे तुमच्या प्रश्नासाठी नरकाला शेवट लावायची गरजच नाही, कोण तिथे आहे हे आपण ठरवायचं नाही एवढंच.

आणि आम्ही मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो. २ नोव्हेंबरला आमच्या गावात कबरींवर फुलं, मेणबत्त्या असतात, फादर एकेका ओळीतून पाणी शिंपडत जातात, आणि आजी तिच्या हिंदू शेजारणीचं नाव पण हळूच घेते. तिला कोणी अडवत नाही. रोजरीच्या जपमाळेत प्रत्येक दहा मण्यांनंतर आम्ही म्हणतो की सगळ्या आत्म्यांना स्वर्गात ने. सगळ्या. जे मागायचं ते अशक्यच असेल तर ख्रिस्तसभा आम्हाला मागायला का शिकवते?

नाशिकचा_इतिहासवाला

थोडी भर घालतो, कारण "सोळाशे वर्षांत उत्तर नाही" हे मला मान्य नाही. निस्साचा ग्रेगरी, चौथ्या शतकातला, ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेतला माणूस, पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे दोन्हीकडे संत, त्याने उघड लिहिलंय की अग्नी शुद्ध करणारा आहे आणि शेवटी वाईटपणाच उरणार नाही. शेवटी सगळे देवाकडे परततील असं मांडणाऱ्या जुन्या धर्मपंडित ओरिजेनच्या नावाने जे शाप दिले गेले ते ५५३ च्या परिषदेच्या वेळचे, पण ग्रेगरीला कोणी हात लावला नाही. दुसऱ्या बाजूला १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात, म्हणजे लूथरच्या अनुयायांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात, सतराव्या कलमात शिक्षेला शेवट आहे म्हणणाऱ्यांचा स्पष्ट निषेध आहे, तेही खरं. इंग्लंडच्या चर्चने १५५३ च्या बेचाळीस कलमांत शेवटचं कलम सगळ्यांचं तारण होईल म्हणणाऱ्यांविरुद्ध घातलं आणि दहाच वर्षांत ते गाळलं. म्हणजे चर्चचं कायम एकच मत होतं असं नाहीये.

आणि आपल्या मातीतला अजून एक. फ्रेडरिक फरार, जन्म मुंबई १८३१, वडील इथे नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीचं काम सुरू करणाऱ्यांपैकी. याच फरारने १८७७ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत लागोपाठ प्रवचनं दिली की न संपणाऱ्या यातनांची शिकवण शास्त्रातून सिद्ध होत नाही, आणि सगळ्या इंग्लंडात वाद पेटला. ऑक्सफर्डच्या प्यूसी या धर्मपंडिताने त्याला पुस्तकभर उत्तर दिलं. पण तो पुढे कँटरबरी कॅथेड्रलचा डीन, म्हणजे तिथला मुख्य पाळक झाला, त्याला कोणी काढलं नाही. हिंदुस्थानात वाढलेल्या मिशनरी घरांतूनच हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, कारण ज्यांच्याबद्दल बोलायचं ती माणसं त्यांच्या शेजारी राहत होती.

वचनसेवक_जालना

इतिहास वाचला, आभार. पण ग्रेगरी एकटा पडतो आणि बाकीचे बहुतेक दुसऱ्या बाजूला आहेत हेही लिहा. आणि वसईच्या ताईंचं मला बरंचसं पटतं, कोण कुठे गेलं हे मी ठरवणार नाही. रोमकरांस २ मध्ये ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही त्यांच्या अंतःकरणात ते लिहिलेलं आहे असं पौल म्हणतो, त्यामुळे नगरी ब्रदरांच्या पूर्वजांचा न्याय त्यांना जे कळत होतं त्यावर होईल असं मी मानतो. पण ज्याने ऐकलं, समजलं आणि लाथाडलं, ज्याने विहिरीवर काठी उचलली आणि मरेपर्यंत पश्चात्ताप केला नाही, त्याच्यासाठी दार उघडं आहे असं मी व्यासपीठावरून सांगणार नाही.

नगरी_माणूस

ब्रदर, तुमच्या आजोबांची गोष्ट मी दोनदा वाचली. त्या माणसाला शिक्षा व्हावी हे मला तुमच्याइतकंच वाटतं. ती कडक असावी, त्याला आपण काय केलं ते पूर्ण कळावं, ज्याला मारलं त्याच्यासमोर उभं राहावं लागावं. पण लूक १२:४७-४८ मध्ये प्रभू म्हणतो ज्याला माहीत होतं त्याला पुष्कळ फटके आणि ज्याला माहीत नव्हतं त्याला थोडे. थोडे फटके कधी ना कधी संपतात. जे कधीच संपत नाहीत ते थोडे कसे? सगळ्यांना अनंतच द्यायचं असेल तर थोडे आणि पुष्कळ यात फरक उरतच नाही.

शब्बाथवाल्या ब्रदरांचं ऐकून बरं वाटतं पण पूर्ण पटत नाही, कारण १ करिंथ १५ मध्ये शेवटचा शत्रू मरण हाच नष्ट होतो आणि देव सर्वांत सर्व होतो. माणसं कायमची मेलेलीच राहिली तर मरण हरलं कुठे?

वचनसेवक_जालना

थोडे आणि पुष्कळ हे तीव्रतेबद्दल आहे, काळाबद्दल नाही. सोर आणि सिदोन यांना न्यायाच्या दिवशी "अधिक सोपे" जाईल असं प्रभू म्हणतो, सुटतील असं म्हणत नाही.

नगरी_माणूस

मग प्रकटीकरण २१:२५ घ्या, नव्या यरुशलेमेच्या वेशी कधीच बंद होत नाहीत. सरोवर आदल्याच अध्यायात येऊन गेलंय. बाहेर कोणी यायचंच नसेल तर वेशी उघड्या कोणासाठी?

वचनसेवक_जालना

२१:२७ पण वाचा ना, लगेच दोन वचनांनी. जे अशुद्ध ते आत येणार नाही. आणि २२:१५, बाहेर खुनी आहेत, लबाडीची आवड असणारे आहेत. बाहेर आहेत असं लिहिलंय, आत आले असं नाही.

वसईची_लेक

आणि त्याच्यापुढे दोनच वचनांनी, २२:१७, आत्मा आणि वधू म्हणतात "ये", ज्याला तहान लागली आहे त्याने यावं. ते बाहेरच्यांना म्हटलंय की आपल्याला, याचं उत्तर मी फादरांना विचारून उद्या इथे टाकते.

वचनसेवक_जालना

टाका ताई. मी पण बुधवारच्या बायबल स्टडीला २२ वा अध्यायच घेतो. माझ्या मते ते आत्ता जिवंत असणाऱ्यांना आहे, पण मंडळीत काय निघतं ते कळवतो.

नगरी_माणूस

बुधवारी किती वाजता असतो? जालन्याला माझी बहीण आहे, ती येईल. ज्याला पाणी मिळालंच नाही त्याला कोणी "ये" म्हणायचं हा प्रश्न तिचाच आहे मुळात, ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त विचारेल.