मदत हवी आहे: चिकन आणि पांढऱ्या बीनची चिली, बीन शिजता शिजेनात (तातडीचं)

चमचाभर (दुपारी ३:१०)
साडेसातला सहा माणसं जेवायला येणार आहेत. सकाळपासून चिली लावली आहे, बीन अजून कडक. चिकनच्या मात्र दोऱ्या झाल्या. रेसिपीवर 'सोपी, एका भांड्यात होणारी' असं लिहिलं होतं! आता काय करू? सावर क्रीम अजून घातलेलं नाही, त्याने मऊ होतील का? प्लीज लवकर सांगा.

शिट्टी_तीन (३:१६)
बीन डब्यातले की सुके? भिजवले होते? कशात शिजवताय? यातलं काहीच सांगायचं नाही आणि वर तातडीचं.
सावर क्रीमने काहीही मऊ होत नाही.

आळशी_आचारी (३:१९)
सुके वापरलेच कशाला? डबा फोडायचा, बीन चाळणीत ओतून वरचं चिकट पाणी नळाखाली धुवायचं आणि घालायचे. अर्ध्या तासात चिली. मी जन्मात बीन भिजवले नाहीत, माझं काही अडलं नाही.

चमचाभर (३:२४)
सुके आहेत, अडीचशे ग्रॅम. रात्रभर भिजवले होते, तेवढं मला कळतं. डबे घरात नाहीत आणि ओव्हनमध्ये केक आहे त्यामुळे बाहेर पडता येत नाही.

मंदआच (३:२७)
यासाठीच मी सगळ्यांना स्लो कुकर घ्या म्हणून सांगत असते. सकाळी लावा, संध्याकाळी वाढा. बीन लोण्यासारखे होतात.

चमचाभर (३:२९)
अहो, स्लो कुकरच आहे! लिहायचं राहिलं. सकाळी नऊपासून 'लो'वर.

मंदआच (३:३१)
मग अजून तीन-चार तास द्या. झाकण उघडत असाल सारखं. झाकण उघडायचं नाही.

प्रयोगवही (३:३६)
थांबा. चव बघायला बीन खाल्लेत का? आणि बीन नक्की कोणते? पाकिटावर कॅनेलिनी म्हणजे पांढरा राजमा लिहिलं असेल तर 'लो'वर अजून चार तास हा सल्ला ऐकू नका. राजम्यात एक लेक्टिन, म्हणजे बाधणारं प्रथिन असतं, ते खळखळत्या उकळीनेच निकामी होतं. लाल राजम्यात सगळ्यात जास्त, पांढऱ्यात त्याच्या साधारण एक तृतीयांश, पण असतं. अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो, आणि बऱ्याच स्लो कुकरमध्ये 'लो'वर पाणी उकळतच नाही. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या सुरू होतात. सहा पाहुण्यांना.

चमचाभर (३:४०)
कॅनेलिनीच आहेत. एकच चावून थुंकला. वरून साल सुरकुतलेलं, आत मधोमध खडूसारखा पांढरा ठिपका.

मंदआच (३:४३)
उगाच घाबरवू नका कोणाला. मी बारा वर्षं करते, कोणाला काही झालेलं नाही.

प्रयोगवही (३:४६)
तुम्ही आधी उकळून घेता की थेट घालता?

मंदआच (३:४८)
आधी गॅसवर एक उकळी आणते. ते तर सगळेच करतात.

शिट्टी_तीन (३:४९)
घ्या! एवढीच गोष्ट सांगायची होती ती सोडून बाकी सगळं सांगितलंत.
चमचाभर, सगळं सोडा. चिकन काढा, बीन आणि रस्सा प्रेशर कुकरमध्ये घाला, अर्ध्याच्या खालीच भरा. वीस-पंचवीस मिनिटं. विषय संपला.

चमचाभर (३:५५)
कुकर आहे, पण रिंग सैल झाली आहे. वाफ धरत नाही.

व्युत्पत्तीवाला (३:५८)
अवांतर: 'चिली' हा शब्द मेक्सिकोतल्या नाहुआटल भाषेतल्या 'चिल्ली'वरून आला, अर्थ मिरची. चिली देशाशी संबंध नाही. आणि टेक्सासचे लोक मुळात बीन घातलेल्या पदार्थाला चिली म्हणायलाच तयार नसतात. चिली कॉन कार्ने, म्हणजे मांसाची चिली, १९७७ सालापासून त्या राज्याचा अधिकृत पदार्थ आहे, त्यांच्या मते त्यात मांस आणि मिरची, बास. तुमच्यात बीन, कोंबडी, टोमॅटोचा पत्ता नाही. तेव्हा हिला पांढरा स्ट्यू म्हणणं जास्त बरोबर.

आळशी_आचारी (४:००)
पाहुण्यांना हे वाचून दाखवा, तोवर बीन शिजतील.

प्रयोगवही (४:०२)
भांड्यात आणखी काय काय पडलं आहे ते सांगा. रात्रभर भिजलेले बीन सात तासांत इतके कडक राहतात म्हणजे नुसता 'लो'चा दोष नाही.

चमचाभर (४:०६)
नेहमीचंच. कांदा, लसूण, दोन चमचे जिरेपूड, ओरेगॅनो, भाजलेल्या हिरव्या मिरच्या, स्टॉक. बाटलीतला हिरवा साल्सा एक वाटी. दोन लिंबं.

शिट्टी_तीन (४:०७)
लिंबं कधी पिळली?

चमचाभर (४:०८)
सकाळीच, सगळ्याबरोबर. एका भांड्यात होणारी ना.

प्रयोगवही (४:१४)
सापडलं. बीनच्या पेशींना पेक्टिन धरून ठेवतं. ते विरघळलं की बीन मऊ होतो, आणि आंबटपणात ते विरघळायला फार वेळ घेतं. तुम्ही दोन लिंबं आणि वर वाटीभर साल्सा घातलात, तोही आंबट. जड पाण्यातलं कॅल्शियमही हेच करतं.

आता असं करा. चिकनचे तुकडे काढून थोड्या गरम स्टॉकमध्ये झाकून ठेवा, पण तो स्टॉक उकळवून घ्या, कारण चिकनला आतला रस्सा लागलेला आहे. बाकीचं सगळं मोठ्या पातेल्यात ओता, अर्ध्याच्या वर भरू नका. पाव चमचा खायचा सोडा घाला. फेस वर येईल, घाबरू नका. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, तेव्हा पावच. मोठ्या आचेवर अर्धा तास खळखळ उकळा, मग मध्यम आचेवर मऊ होईपर्यंत. आटलं तर गरम पाणी घाला. तोवर चव बघायची नाही.

मंदआच (४:१७)
सोडा घालून जीवनसत्त्वं मारा आता.

प्रयोगवही (४:१९)
थोडं थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, जाईल. चालेल.

पानोपानी (४:३१)
चिकनऐवजी टोफू वापरून बघा, दोऱ्या होत नाहीत. टोफू रात्रभर फ्रीझ करून मग पिळून घेतला की छान जाळी पडते.

शिट्टी_तीन (४:३३)
त्यांचं चिकन शिजून झालंय हो. रात्रभर वेळही नाही.

चमचाभर (५:१२)
फेस उतू जाता जाता राहिला. अर्धा तास उकळलं. साल मऊ, ठिपका अजून आहे. आणि त्या चिकनचं काय?

आळशी_आचारी (५:१८)
चिकनचं सोनं होईल. दोन काट्यांनी उसवून काढा, या चिलीत तसंही बारीक उसवलेलंच घालतात. पुढच्या वेळी छातीऐवजी मांडीचं घ्या, जास्त वेळ चालतं. छातीचं आत ७४ अंश सेल्सिअस झालं की बाहेर काढायचं. सात तास ठेवलं तर दोऱ्याच होणार.

चमचाभर (६:३८)
शिजले!!! अंगठा आणि बोटात धरून दाबला तर पिठलं झालं त्याचं. पण रस्सा पाणीदार आहे आणि चव बोथट वाटते. मैदा लावू का?

प्रयोगवही (६:४१)
मैदा नको. वाटीभर बीन काढून चेचा आणि परत घाला, तेवढ्याने दाट होतं. बोथट वाटतंय कारण सोड्याने आंबट मारलं. आता मीठ बघा, गॅस बंद करा, आणि मग लिंबू. सावर क्रीममध्ये आधी डावभर गरम रस्सा मिसळून मग ओता, उकळत्यात थेट घातलं तर फाटेल. चिकन क्रीमच्या आधी घालून एकदा गरम करून घ्या.

मंदआच (६:४४)
लिंबू शेवटीच पिळायचं असतं. ते तर सगळ्यांना माहीत आहे.

चमचाभर (रात्री ११:२०)
सगळ्यांचे आभार. पातेलं पुसून खाल्लं. शिजायला जवळजवळ दहा तास लागले हे कोणाला सांगितलं नाही. वाटीभर उरली आहे, फ्रीझ करू का?

आळशी_आचारी (११:२६)
क्रीम घातलेली फ्रीझ केलीत तर वितळल्यावर दाणेदार होईल. वाटीभरच आहे, फ्रिजमध्ये ठेवा आणि उद्या संपवा. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिली असेल तर टाकून द्या.

शिट्टी_तीन (११:३१)
आणि तो केक?

चमचाभर (११:३३)
मधोमध बसला. त्याचा वेगळा धागा काढते.