भांडवल 20 हजार, क्रिप्टो ट्रेडिंग शिकायचंय. कराचं गणित कसं बसवता?

नमस्कार मंडळी,

मी इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. घरखर्च, आरडी आणि अडीअडचणीची पुंजी बाजूला काढून 20 हजार रुपये वेगळे ठेवलेत. ते गेले तर घर अडणार नाही, पण उडवायलाही ठेवलेले नाहीत. एवढ्यात ट्रेडिंग नीट शिकायचंय.

चार्ट, कँडल, सपोर्ट-रेझिस्टन्स हे युट्यूबवर आणि सरावाने जमेल असं वाटतं. अडलंय ते कराशी. समजा, एका सौद्यात बिटकॉइनवर 2,000 नफा झाला आणि दुसऱ्यात सोलानावर 2,000 तोटा. हातात काहीच उरलं नाही. तरी नफ्यावर 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे 624 रुपये खिशातून भरायचे! एप्रिल 2022 पासून हाच नियम आहे. तोटा नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. त्यात जुलै 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस. 5,000 ची विक्री वीस वेळा केली की हजार रुपये रिटर्न भरेपर्यंत अडकले. माझ्या भांडवलाचा तो विसावा हिस्सा झाला. एक्स्चेंजची फी आणि त्यावरचा जीएसटी वेगळाच.

म्हणून माझा कल असा आहे: रोजची खरेदी-विक्री कागदावर करायची, वहीत भाव आणि कारण लिहून. खरे पैसे फक्त स्पॉटमध्ये (पूर्ण पैसे देऊन थेट कॉइन घेण्यात), महिन्यातून एखाद-दुसरा सौदा, तोही बिटकॉइन नाहीतर इथेरियममध्ये. ज्यांनी छोट्या रकमेपासून सुरुवात केली, त्यांना हे पटतं का? की खरे पैसे लावल्याशिवाय हात बसत नाही?

कामावरचा एक मित्र म्हणतो, स्पॉट सोड, फ्युचर्समध्ये (पुढच्या भावावरच्या करारांत) ये, तिथे टीडीएस कापत नाहीत आणि दहापट लिव्हरेज मिळतं, म्हणजे आपल्या पैशाच्या दहापट रकमेचा सौदा करता येतो. मला ते धोक्याचं वाटतं. दहापट लिव्हरेजवर भाव साधारण 10 टक्के उलटा गेला की मार्जिन, म्हणजे आपण लावलेली रक्कम, साफ, आणि क्रिप्टोत एवढी हालचाल नवलाची नाही. पण फ्युचर्सचा नफा रिटर्नमध्ये कुठे दाखवायचा, हे ज्यांनी प्रत्यक्ष भरलंय त्यांनी कृपया सांगावं. तुमच्या सीएने काय सल्ला दिला?

आणखी एक काळजी आहे. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजवरून सुमारे 23 कोटी डॉलरचे कॉइन चोरीला गेले आणि लोकांचे क्रिप्टो वर्षाहून जास्त काळ अडकून पडले. एफआययूकडे (केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे) नोंदणी असलेलं एक्स्चेंज घ्यावं हे कळतं, पण ती नोंदणी मनी लाँडरिंगवर लक्ष ठेवण्यासाठी आहे, ठेवींचा विमा नव्हे. स्वतःच्या वॉलेटमध्ये न्यावं तर 20 हजारांच्या मानाने विथड्रॉवल फी जड जाते. किती रक्कम झाल्यावर तुम्ही कॉइन बाहेर काढता? हार्डवेअर वॉलेट (कॉइनच्या चाव्या ठेवायचं छोटं उपकरण) घेणं कधी परवडतं?

टेलिग्रामच्या सिग्नल ग्रुपच्या लिंक कृपया पाठवू नका. सौद्यांची वही कशी ठेवता, कुठले रकाने करता, ते सविस्तर लिहिलंत तर फार उपयोग होईल. रिटर्नमधल्या व्हीडीए (क्रिप्टोसारखी आभासी मालमत्ता) शेड्यूलमध्ये प्रत्येक सौद्याची खरेदी-विक्रीची तारीख आणि किंमत लागते, त्यामुळे पहिल्या सौद्यापासून वही तशीच आखायची आहे.