विषय: गणेशोत्सवाच्या सूचनापत्रातलं सातवं कलम

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

सस्नेह नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या सूचनापत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. रविवारच्या बैठकीआधी सगळ्यांनी नजर टाकावी. सातवं कलम नवीन आहे: "कार्यक्रमादरम्यान मुलांना शांत बसवण्याची जबाबदारी पालकांची राहील. गोंधळ करणाऱ्या मुलांना सभागृहाबाहेर न्यावे." मागच्या वर्षी नाटकाच्या वेळी आलेल्या तक्रारींमुळे हे घातलं आहे. कुणाला काही सुचवायचं असेल तर इथेच लिहा, म्हणजे बैठक तीन तास चालणार नाही.

प्रेषक: अश्विनी

सचिवसाहेब, मंडळी,

ते कलम माझ्या मुलामुळे आलं हे निम्म्या ईमेल-लिस्टला माहीत आहे, तेव्हा आडवळणानं लिहीत नाही.

तो नऊ वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक आहे. बोलतो, पण ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी परत म्हणतो, आणि घाबरला की जास्तच. मागच्या वर्षी दुसऱ्या अंकात अचानक पूर्ण काळोख झाला आणि स्पीकरमधून सायरन वाजला. त्याच्या कानाला तो आवाज आपल्यासारखा लागत नाही, अंगावर कोसळतो. तो ओरडला, मग नायिकेचं शेवटचं वाक्य मोठमोठ्यानं पाच-सहा वेळा म्हणाला. पुढच्या रांगेतून "अहो, आवरा ना त्याला" आलं, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी "लाडावून ठेवलंय". आम्ही निघालो. दोन्ही हात त्याच्यात अडकलेले, त्यामुळे पर्स खुर्चीवरच राहिली.

मंडळाच्या कार्यक्रमांत त्याला काय आवडतं तेही सांगते. त्याला सगळ्या आरत्या पाठ आहेत. सुखकर्ता, लवथवती, दुर्गे दुर्घट, युगे अठ्ठावीस, मग घालीन लोटांगण, मंत्रपुष्पांजली. घरी रोज म्हणतो, तालासकट. पण आपल्याकडे दर वर्षी कुणीतरी उत्साहानं मधेच 'येई हो विठ्ठले' उचलतं, किंवा उशीर झाला म्हणून लवथवतीची दोन कडवी गाळली जातात, आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकते. तुम्हाला ते दिसतं हट्टासारखं. खरं तर त्या गर्दीत, त्या आवाजात त्याच्या ओळखीची तेवढी एकच गोष्ट असते, आणि तीच आपण बदलतो.

म्हणून मागणी अशी. जागरूकतेवरचं व्याख्यान नको. दर एप्रिलला ते होतं, चहा-समोसे होतात, आणि सप्टेंबरात पुन्हा "आवरा ना त्याला". मला कार्यक्रमपत्रिका हवी आहे, वेळांसकट आणि आधी. ढोल किती वाजता आणि किती वेळ, आरत्या कुठल्या आणि कुठल्या क्रमानं. शाळेचं सभागृह भाड्यानं घेतो तेव्हा शेजारची लायब्ररीही मागून घ्या. तिथे दिवे मंद, माइक नाही, चार सतरंज्या. ज्याला बसायचं तो बसेल, मग मूल असो नाहीतर मायग्रेनवाली मावशी. प्रसादाच्या रांगेत अर्धा तास उभं राहणं काही मुलांना जमत नाही, त्यांच्या आईला ताट आधी घेऊ द्या. आणि जेवणात थोडं वरण कोथिंबिरीशिवाय काढून ठेवा. हसू नका. वरणावर हिरवं काही दिसलं की त्याचं जेवण संपलं, आणि मग चार काकू मिळून "एक घास तरी" म्हणत त्याच्या तोंडाशी चमचा नेतात.

यात नवल काही नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या नाट्यगृहांत, २०११ पासून ऑटिस्टिक प्रेक्षकांसाठी खास प्रयोग होतात. प्रेक्षागृहात पूर्ण अंधार करत नाहीत, दणके कमी करतात, लखलखणारे दिवे काढून टाकतात, लॉबीत शांत कोपरा असतो, मधे उठून जायची मुभा असते. आपल्या मिलबर्नच्या पेपर मिल प्लेहाउसमध्येही असे प्रयोग होतात. तिथे माझा मुलगा शेवटपर्यंत बसतो. आपल्याच माणसांत का बसू शकत नाही, याचं उत्तर त्याच्याकडे शोधू नका.

– अश्विनी

प्रेषक: वसंत

अश्विनी,

पत्र वाचलं. स्पष्ट लिहिलंस ते बरं केलंस, मीही स्पष्टच लिहितो. राग मानू नकोस.

नाटकवाली मंडळी नोकऱ्या सांभाळून चार महिने तालमी करतात. वर्षात एक प्रयोग. तो काळोख आणि तो सायरन दिग्दर्शकानं विचार करून ठेवलेला असतो. त्यांच्या बाजूनं कोण बोलणार? आणि दुसरं, आमच्या लहानपणी ही नावं नव्हती. सदाशिव पेठेत आमच्या वाड्यात एक मुलगा होता, पुणे-मुंबई गाड्यांचं टाइमटेबल तोंडपाठ, डोळ्याला डोळा देत नसे. कुणी त्याला लेबल लावलं नाही. सगळ्यांनी सांभाळून घेतलं. हल्ली नाव आधी चिकटतं आणि माणूस मागे राहतो, असं मला वाटतं.

– वसंतकाका

प्रेषक: अश्विनी

काका,

राग नाही. नाटकवाल्यांचा मुद्दा मला मान्य आहे, त्यावर मार्ग निघेल. वाड्यातल्या मुलाबद्दल विचारते: तो शाळेत किती शिकला? पुढे काय करत होता? आणि सांभाळून घेतलं म्हणजे नेमकं कुणी, वाड्यानं की त्याच्या आईनं?

नाव नव्हतं म्हणून त्याला 'वेंधळा', 'चक्रम' ही नावं मिळाली नसतील असं मला नाही वाटत. आमच्या मुलाला शाळेत स्पीच थेरपी आणि वर्गात मदतनीस मिळते ती त्या लेबलामुळेच. इथे १९७५ साली कायदा झाला, त्याआधी अशा कितीतरी मुलांना अमेरिकेतल्या सरकारी शाळा सरळ दारातून परत पाठवत होत्या.

प्रेषक: वसंत

सातवीनंतर शाळा सुटली. आई होती तोवर ठीक चाललं होतं. नंतरचं चांगलं नाही, लिस्टवर लिहीत नाही. लायब्ररीला माझा पाठिंबा आहे. नाटकाबद्दलचं मत तेच आहे.

प्रेषक: रोहन (ढोल-ताशा पथक)

हाय सगळ्यांना. माझा जन्म इथला, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

आवाजाचं मी बोलू शकतो, कारण तो आम्हीच करतो :) गेल्या महिन्यात शाळेच्या जिममध्ये प्रॅक्टिस होती तेव्हा फोनवरच्या नायॉशच्या (कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी अमेरिकेची सरकारी संस्था) ॲपनं मोजलं. मीटर १०० डेसिबलच्या खाली यायलाच तयार नव्हतं. नायॉशचा हिशोब असा: ८५ डेसिबलला ८ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. हा आकडा ऑटिझमचा नाही, सगळ्यांच्या कानांचा आहे. आमच्या पथकात आता इअरप्लग सक्तीचे आहेत.

माझी सूचना: ढोल बंद सभागृहात नकोच. बाप्पाला आणताना पार्किंग लॉटमध्ये वाजवू, दणदणीत. दारातून आत फक्त लेझीम आणि झांजा. सुरू करण्याच्या दहा मिनिटं आधी मी स्वतः माइकवर सांगेन.

अजून एक. सगळ्यांनाच शांतता हवी असते असं समजू नका. मला एडीएचडी आहे, आणि पथकात मी एकटा नाही. मराठी शाळेत मला दर आठवड्याला "एका जागी बस" ऐकू यायचं. ताशा हातात आला तेव्हा पहिल्यांदा सलग तासभर एका गोष्टीत लक्ष राहिलं. अश्विनीताई, तुमच्या मुलाला ताल आवडतो म्हणालात ना. एखाद्या शनिवारी गर्दी नसताना घेऊन या. तो स्वतः ताशावर काठी मारेल तेव्हा आवाज कधी येणार ते त्याला माहीत असेल, त्यानं कदाचित फरक पडेल. नाही आवडलं तर नाही.

प्रेषक: वर्षा (मराठी शाळा)

नमस्कार,

रोहन, ते "एका जागी बस" म्हणणारी मी नव्हते, मी नंतर आले, हे नोंदवून ठेवते.

दर वर्षी एकदोन कुटुंबं शाळा सोडतात, आणि कारण सांगताना अवघडतात. मुलाला बोलायला उशीर होतोय, कुणीतरी सल्ला दिला की घरात एकच भाषा ठेवा, म्हणून मराठी बंद. हा सल्ला आता जुना झाला आहे. दोन भाषा कानावर पडल्यानं ऑटिस्टिक मुलांची भाषा मागे पडते असं संशोधनात दिसलेलं नाही. उलट, आईबाबा रेटून इंग्रजी बोलायला लागतात तेव्हा वाक्यं आखूड होतात, थट्टामस्करी जाते, आणि पुण्याच्या आजीशी फोनवर बोलायला त्या मुलाकडे भाषाच उरत नाही. ज्या मुलाला आधीच माणसांशी जोडून घेणं कठीण जातं, त्याच्याकडून आजी काढून घ्यायची?

वर्गात मी एवढंच करते: फळ्यावर आज काय-काय होणार ते चित्रांत लावते, आणि झालं की ते चित्र एक मूल उठून काढतं. उठायचं काम चुळबुळ्या मुलाला. डिस्लेक्सिया (वाचताना अक्षरं जुळवायला त्रास) असलेल्यांना जोडाक्षरं मोठ्यानं वाचायला लावत नाही, गोष्ट ऐकून तोंडी सांगितली तरी चालते.

प्रेषक: (नाव दिलेलं नाही)

लिस्टवर विचारू की नको असं झालंय. आमची मुलगी चार वर्षांची आहे. पाळणाघरातल्या बाईंनी तपासून घ्या म्हणून सुचवलंय. भारतातून दोन्हीकडचे म्हणतात, थांबा, हिचे बाबाही चौथ्या वर्षी बोलले होते. डॉक्टरांकडची तारीख पुढच्या वर्षीची मिळतेय. तोपर्यंत काय करायचं?

प्रेषक: अश्विनी

थांबू नका. डॉक्टरांच्या कागदासाठी तर मुळीच नाही.

आजच तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, पत्र लिहा: मुलीचं नाव, जन्मतारीख, काय काळजी वाटते, आणि "विशेष शिक्षणासाठी मूल्यमापन करावं अशी विनंती". तारीख घाला, प्रत ठेवा. मूल तीन वर्षांचं झालं की हे डिस्ट्रिक्टचं काम असतं, त्याआधी अर्ली इंटरव्हेन्शनचं, म्हणजे तान्ह्या आणि लहानग्यांसाठीच्या राज्याच्या योजनेचं. मूल्यमापनाला पैसे लागत नाहीत. न्यू जर्सीत पत्र पोचल्यापासून २० दिवसांत त्यांना तुमच्याबरोबर बैठक घ्यावी लागते, आणि त्यातून उन्हाळ्याची सुट्टी वजा होत नाही, त्यामुळे "शाळा उघडू द्या" म्हणाले तर ऐकू नका. तुम्ही संमतीची सही केलीत की ९० दिवसांत मूल्यमापन, आणि मुलगी पात्र ठरली तर आयईपी (तिच्यासाठीचा खास शिक्षणाचा लेखी आराखडा) तयार होऊन सुरूही व्हायला हवा. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा, ते देणं त्यांना बंधनकारक आहे.

फोनवर बोलू नका, सगळं ईमेलवर ठेवा. पहिल्या बैठकीत समोर मानसतज्ज्ञ, शिकवण्यातल्या अडचणींचे तज्ज्ञ, सोशल वर्कर अशी टीम बसते आणि आपण दोघंच असतो, घशाला कोरड पडते. बरोबर कुणाला तरी न्यायचा तुम्हाला हक्क आहे. मला वेगळी मेल टाका, मी येईन. दोन्हीकडच्यांना सांगा की तपासलं म्हणून मुलगी काही बदलणार नाही, आणि तिच्या बाबांना चौथ्या वर्षापर्यंत कसं वाटत होतं हे कुणी विचारलंय का, तेही.

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

मंडळी,

बैठक तीन तास चालली. तपशील असा.

सातवं कलम काढलं. त्या जागी: "सभागृहातून केव्हाही बाहेर जाता आणि परत येता येईल. शेजारची लायब्ररी शांत खोली म्हणून दिवसभर खुली आहे." शाळेनं लायब्ररी द्यायचं कबूल केलंय, अनामत वेगळी भरावी लागेल. ढोल पार्किंग लॉटमध्ये, सकाळी १० ते १०:२०. वरणाचं एक भांडं कोथिंबिरीशिवाय राहील, त्यावर चिठ्ठी लावू.

नाटकाचा प्रयोग दिग्दर्शकाच्या मनासारखाच होईल, काळोखासकट, पण तो कधी येतो ते पत्रिकेत छापू. शुक्रवारची रंगीत तालीम मात्र सगळ्यांना खुली, दिवे अर्धे, सायरन नाही, येजा चालेल. यावर कलाकारांपैकी दोघांची नाराजी आहे, ती इथे नोंदवतो. लायब्ररीत आळीपाळीनं बसायला सहाजण लागतील, सध्या वर्षाताई आणि वसंतकाका आहेत.

आरत्यांच्या क्रमावर एकमत झालं नाही. 'येई हो विठ्ठले'वाले हटायला तयार नाहीत. गुरुवारपर्यंत ठरवतो.

प्रेषक: अश्विनी

विठ्ठले असू दे हो, चालेल. फक्त कितवी ते गुरुवारी नक्की कळवा, आणि मग कुणी बदलू नका. घरी दोन दिवस त्याच क्रमानं म्हणून घेईन.