चालू कॅम्पेन २०२४ च्या नियमांवर न्यायचं का? ग्रुपमध्ये दोन तट पडलेत

नौपाड्याचा_डीएम

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होणारे, पण खेळणाऱ्या कोणाशी तरी बोलायलाच हवं होतं म्हणून लिहितोय.

आमचा ग्रुप २०१९ पासून डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून गोष्ट रचायचा खेळ खेळतोय, पाच जण आणि मी डीएम, म्हणजे गोष्ट आणि जग चालवणारा. दर रविवारी दुपारी माझ्याकडे नौपाड्यात. एक जण ऐरोलीहून येतो, शनिवारची नाईट शिफ्ट करून, दोन तास झोपून. एक मैत्रीण नेरूळहून ट्रान्स-हार्बरने, बाकी ठाण्यातलेच. लॉकडाउनमध्ये सगळं ऑनलाइन केलं पण कॅम्पेन, म्हणजे सलग चालत आलेली आमची गोष्ट, तुटू दिलं नाही. पाचवी आवृत्ती, २०१४ चं पुस्तक, जग माझं स्वतःचं, घोडबंदरच्या नावावरून सुचलेलं: खाडीच्या तोंडाशी एक बंदर, तिथे जहाजांतून घोडे उतरतात, आणि वर घाटात जकात वसूल करणारे एल्फ. सगळे आता १३ व्या लेव्हलला आहेत.

तर २०२४ चं प्लेअर्स हँडबुक आलं, पाठोपाठ डीएम गाइड, मग फेब्रुवारी २०२५ मध्ये मॉन्स्टर मॅन्युअल. मी तिन्ही घेतली आणि डीएम म्हणून मला खरंच आवडली. हँडबुकच्या शेवटी नियमांचा कोशच दिलाय, त्यामुळे खेळ मध्येच थांबवून 'ग्रॅपल कुठल्या पानावर आहे रे' करत बसावं लागत नाही. क्युअर वूंड्स ही जखमा भरायची स्पेल (मंत्र) आता २डी८, म्हणजे आठ बाजूंचे दोन फासे, पोशन बोनस अ‍ॅक्शनमध्ये (आपल्या टर्नमधल्या छोट्या जादा कृतीत) पिता येतं, एक्झॉशनचा म्हणजे थकव्याचा तो किचकट तक्ता जाऊन प्रत्येक लेव्हलला डी२० च्या रोलमधून सरळ २ वजा. फायटर आणि मंक खेळणारे दोघं तर पहिल्या दिवसापासून मागे लागलेत की चल बदलूया.

पण पॅलाडिन (धर्मयोद्धा) आणि बार्ड (गाण्यातून जादू करणारी), दोघं तयार नाहीत.

दोन आठवड्यांपूर्वी मी म्हटलं एक सेशन ट्रायल करून बघू. पुलावरची मारामारी होती. पॅलाडिनचा पहिला वार लागला, त्याने स्माइट केलं, म्हणजे वारावर जादा दैवी मार दिला, दुसरा वारही लागला आणि त्याने सवयीने परत डी८ उचलले. मी म्हटलं, थांब, आता स्माइट म्हणजे स्पेल आहे, बोनस अ‍ॅक्शन लागते, एका टर्नला एकदाच. त्याने फासे खाली ठेवले. पुढच्या टर्नला स्माइट केलं तर समोरच्या जादूगाराने काउंटरस्पेल, म्हणजे दुसऱ्याची स्पेल रोखणारी स्पेल, टाकलं आणि ह्याचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (बचावाचा रोल) चुकला. तो काहीच बोलला नाही. सेशन संपल्यावर कॅरेक्टर शीट फोल्डरमध्ये ठेवताना मात्र बराच वेळ बघत बसला होता. ती शीट पहिल्या दिवसापासूनची आहे, हिट पॉइंट्सचा चौकोन खोडून खोडून फाटलाय आणि मागून सेलोटेप लावलीय, मी किती वेळा म्हटलं नवीन प्रिंट काढून देतो तर नको म्हणतो.

बार्डचं वेगळंच. तिची कॅरेक्टर हाफ-एल्फ आहे, आई बंदरातली, बाप घाटावरचा जकातवाला, दोन्हीकडचे तिला आपलं म्हणत नाहीत हीच तिची सगळी गोष्ट. आणि नव्या हँडबुकात हाफ-एल्फ नाहीच. ऑर्क आहे, गोलायथ आहे, आसिमार आहे, हाफ-एल्फ नाही. ती म्हणाली, "सहा वर्षं मी जे खेळतेय ते पुस्तकातूनच काढून टाकलं, मग मी का बदलू?" मला उत्तर देता आलं नाही.

विझार्ड म्हणतो तुम्ही ठरवाल ते. काय करू? कोणी चालू कॅम्पेन मध्येच बदललंय का? नियमांचं मी बघून घेईन हो, मला ही माणसं गमवायची नाहीयेत.

वाशीची_वॉरलॉक

आम्ही बदललंय, मधेच, आणि टेबल शाबूत आहे. सानपाड्यात सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये बसतो आम्ही, सहा जण, मी डीएम.

आधी एक गोष्ट विचारते. काउंटरस्पेल झाल्यावर पॅलाडिनला स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) परत दिलात का? २०२४ च्या काउंटरस्पेलमध्ये समोरच्याचा सेव्ह चुकला तर त्याची स्पेल आणि ती अ‍ॅक्शन वाया जाते, पण स्लॉट खर्च होत नाही. तुम्ही बहुतेक जुन्या सवयीने स्लॉट खोडायला लावला असणार. आमच्याकडेही पहिल्यांदा हेच झालं होतं, नव्या नियमाचा मार बसला आणि त्याच नियमात जी सूट होती ती आम्हाला माहीतच नव्हती.

दुसरं, ट्रायलसाठी पुलावरची मारामारी निवडलीत ती मला पटली नाही. म्हणजे गोष्टीच्या ऐन मोक्यावर, जिथे त्याला जिंकायचं होतं, तिथे त्याच्या हातातली गोष्ट काढून घेतली गेली. आम्ही आधी कॅम्पेनबाहेरची एक संध्याकाळ ठेवली, प्रत्येकाने आपलंच कॅरेक्टर नव्या नियमांनी बनवून आणलं आणि नुसत्या लढाया केल्या, ज्यात कोणी मेलं तरी मेलं नाही. त्या दिवशी आमच्या पॅलाडिनला कळलं की ले ऑन हँड्स (हात लावून बरं करणं) आता बोनस अ‍ॅक्शन आहे, म्हणजे वार करून वर मित्राला उठवताही येतं. फक्त ज्या टर्नला स्माइट त्या टर्नला ते नाही, कारण दोन्हीला तीच बोनस अ‍ॅक्शन. त्याला ही निवड करायला मजा यायला लागली. तुमच्या पॅलाडिनला येईलच असं नाही म्हणत.

आणि घोडा! नव्या पॅलाडिनला पाचव्या लेव्हलला फाइंड स्टीड आपोआप मिळतं, रोज एकदा स्लॉट न घालवता. घोडे उतरणारं बंदर तुमच्या जगात आहे आणि हे त्याला अजून सांगितलं नाहीत?

हाफ-एल्फचं सोपं आहे. जुन्या पुस्तकातली जी जात नव्या पुस्तकात नाही ती तशीच वापरता येते, फक्त क्षमतांचे वाढीव गुण बॅकग्राउंडमधून घ्यायचे, दोन्हीकडून नाही. म्हणजे ती नव्या नियमांतही हाफ-एल्फच राहील. पण तिला लागलंय ते वेगळं आहे हे मला कळतंय, पुस्तक उघडलं आणि आपण त्यात नाही, हे वाईट वाटतंच.

त्रास कुठे होतो तेही सांगते. वेपन मास्टरी, म्हणजे प्रत्येक शस्त्राची खास करामत. फायटरकडे मॉल (मोठा घण) असेल तर टॉपल येतं, प्रत्येक फटक्याला समोरच्याने सेव्ह करायचा नाहीतर तो आडवा. दोन वार, दोन सेव्ह, अ‍ॅक्शन सर्ज घेतला की चार. आमच्याकडे एक लढाई पावणेदोन तास चालली होती. शेवटी फायटरने आपला डीसी (सेव्हसाठी लागणारा आकडा) एका चिठ्ठीवर लिहून ती माझ्या स्क्रीनला चिकटवली, तेव्हापासून बरं चाललंय.

नौपाड्याचा_डीएम

स्लॉट खोडायला लावला होता. बरोबर ओळखलंत. आत्ताच त्याला मेसेज केला.

कळव्याचा_रेंजर

माझं मत उलटं आहे आणि मनापासून सांगतो, बदलू नका.

मी रेंजर खेळतो, पाच सेशन नव्या नियमांनी खेळून परत जुन्यावर आलो. सगळा रेंजर हंटर्स मार्क ह्या शिकारीवर खूण करायच्या स्पेलभोवती बांधलाय, आणि ते अजूनही कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे ते चालू असताना दुसरी चांगली स्पेल धरता येत नाही. १३ व्या लेव्हलला मिळतं काय तर मार खाल्ल्यावर हंटर्स मार्कचं कॉन्सन्ट्रेशन तुटत नाही, २० व्या लेव्हलला काय तर त्याचा डी६ चा डी१०. एवढी वर्षं जंगलात घालवलेल्या माणसाला हे? पहिल्यापासून दोन वेपन मास्टरी मिळतात, त्या चांगल्या आहेत, ते नाकारत नाही.

आणि विश्वासाचा मुद्दा आहे. जानेवारी २०२३ मध्ये कंपनी इतरांना नियम वापरू द्यायचं लायसन्स बदलायला निघाली तेव्हा जे झालं ते माझ्या अजून डोक्यात आहे. लोकांनी लावून धरलं म्हणून जुने मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आले. ऑगस्ट २०२४ मध्येही अधिकृत ऑनलाइन शीटवर जुन्या स्पेल्सच्या जागी नव्या टाकायचं ठरलं होतं, लोक चिडले तेव्हा काही दिवसांत मागे घेतलं. दोन्ही वेळा ऐकलं हे खरंय. पण दोन्ही वेळा आधी ओरडावं लागलं. तुमच्या त्या सेलोटेपवाल्या शीटला कोणी अपडेट करू शकत नाही, ती तशीच राहू द्या ना.

जुना_फासा

वरचं सगळं वाचलं. मी ह्यातून एकदा गेलोय, २००८ मध्ये, म्हणून लिहितो.

आम्ही सात जण ३.५, म्हणजे ह्याच खेळाची जुनी आवृत्ती, खेळायचो, पाचपाखाडीत एकाच्या गच्चीवर, पावसाळ्यात जिन्यात. एकाच्या मामाने परदेशातून आणलेलं एकच हँडबुक होतं, ते आठवड्याला एकेकाच्या घरी जायचं, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर होतं. जूनमध्ये चौथी आवृत्ती आली आणि मी डीएम होतो, मी हट्ट धरला की आता हेच. अ‍ॅट-विल (केव्हाही), एन्काउंटर (लढाईत एकदा), डेली (दिवसातून एकदा) अशा पॉवर, फायटरलाही आणि विझार्डलाही, सगळं चौकटींच्या नकाशावर. मला ते फार सुबक वाटलं होतं. आमच्यातल्या एकाचा सॉर्सरर (उपजत जादू असलेला) होता, चार वर्षांचा, आणि चौथीच्या पहिल्या हँडबुकात सॉर्सरर हा क्लासच नव्हता. मी त्याला म्हटलं, मग विझार्ड कर. एवढंच म्हटलं, एका वाक्यात. तो पुढच्या वेळी आला नाही. नंतर दोघं २००९ मध्ये पाथफाइंडर ह्या दुसऱ्या खेळाकडे गेले, कारण ते ३.५ च्याच वळणावर चाललं होतं, मग उरलेले आम्ही तीन-चार वेळा बसलो आणि थांबलो.

चौथी आवृत्ती वाईट होती असं मी आज म्हणणार नाही. तिच्यातला 'ब्लडिड', म्हणजे हिट पॉइंट निम्म्यावर आले की तो शब्द, २०२४ च्या नियमांत परत आलाय आणि माझ्या आत्ताच्या टेबलावर आम्ही तो सारखा वापरतो. आवृत्तीने ग्रुप मोडला नाही, माझ्या त्या एका वाक्याने मोडला.

सॉर्सरर खेळणारा मित्र मध्यंतरी भेटला, तलावपाळीला, बायकोमुलांबरोबर होता. चांगलं बोलला. निघताना म्हणाला, "त्याचं पुढे काय झालं असतं रे?" मी डीएम होतो, मला माहीत होतं, मी ठरवून ठेवलेलं होतं सगळं. तिथेच उभं राहून त्याला सांगितलं.

तुमच्या बार्डला नियम समजावू नका आधी. तिच्या गोष्टीचं पुढे काय होणार ते टेबलावर होऊ द्या, मग पुस्तकाचं बघा.

नेरूळ_मंक

मी बारावीत आहे, आम्ही मैत्रिणी २०२४ च्याच नियमांनी सुरू झालो, फोनवरचे फुकट नियम वाचून, पुस्तक एकीकडेच आहे. छापील किंमत जवळजवळ ५० डॉलर आहे, आम्हाला सगळ्यांना परवडणारं नाही.

मला मंक भारी आवडतो. पहिल्या लेव्हलपासून हाताच्या फटक्याला डी६, दुसऱ्या लेव्हलपासून डॅश (जास्त पळणं) किंवा डिसएंगेज (मार न खाता निसटणं) बोनस अ‍ॅक्शनने फुकट, मंकचे मोजके पॉइंट लागत नाहीत. दादा, तुमच्या मंकला खरंच बदलायचं असेल तर त्याचं पण ऐका प्लीज, कारण वरती सगळे पॅलाडिन आणि बार्डबद्दलच बोलतायत, आणि तो पण तेवढीच वर्षं खेळतोय ना? जुन्या नियमात पॉइंट संपले की मंकला नुसतं बघत बसावं लागतं असं ऐकलंय.

वाशीची_वॉरलॉक

मंकबद्दल बरोबर बोललीस गं. आमच्याकडे सगळ्यात खूश तोच आहे. आणि हो, दोन्ही पुस्तकांतली कॅरेक्टर एका टेबलावर बसू शकतात. स्पेल्स मात्र सगळ्यांच्या एकाच पुस्तकातल्या ठेवा, नाहीतर एकाचं क्युअर वूंड्स १डी८ आणि दुसऱ्याचं २डी८, ह्यावरून भांडणं होतात.

नौपाड्याचा_डीएम

काल बसलो होतो, म्हणून आज लिहितोय. सगळ्यांचे आभार, जुना_फासा तुमचे विशेष, तुमचं लिहिलेलं मी सेशनच्या आधी दोनदा वाचलं.

नियमांचा विषय मी काढलाच नाही. पूल ओलांडून पार्टी घाटातल्या नाक्यावर पोचली आणि तिथे बार्डचा बाप होता, जे मी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलं होतं ते कालच आणलं. पाऊण तास एकही फासा पडला नाही. त्याने तिच्याकडे जकात मागितली, सगळ्यांकडे मागतो तशी, आणि तिने कंबरेचं नाणं काढून दगडाच्या रांजणात टाकलं, पावती मागितली आणि पावतीवर स्वतःचं पूर्ण नाव घालायला लावलं, बापाच्या नावासकट. फायटर खेळणारा आमचा मित्र उठून गॅलरीत गेला होता.

चहाच्या वेळी तीच म्हणाली की मंक आणि फायटरला नव्यावर जाऊ दे, मला हरकत नाही, पण माझी शीट मी हा भाग संपेपर्यंत हलवणार नाही. तसंच ठरलंय. मंकने काल रात्रीच नवीन शीट भरून पाठवलीसुद्धा. नेरूळ_मंक, तू म्हणालीस ते खरं होतं, तो इतके दिवस फक्त गप्प बसला होता.

पॅलाडिनचं अर्धवट आहे. स्लॉट परत दिला, त्याने पेन्सिलने तो गोल परत काढला. स्माइट जुनंच ठेवतोय, त्याने मागितलं नव्हतं, मीच म्हटलं. घोड्याचं ऐकल्यावर एवढंच विचारलं, "कुठल्या रंगाचा?" मी म्हटलं तू सांग. पुढच्या रविवारी सांगतो म्हणाला.

स्पेल्स सगळ्या २०२४ च्या घेतोय, फक्त काउंटरस्पेल कुठलं वापरायचं ह्यावर विझार्ड अडून बसलाय, त्याला जुनंच हवंय, सेव्ह नसलेलं. त्या एका स्पेलसाठी कोणी मधला मार्ग काढला असेल तर सांगा, रविवारी साडेतीनला बसतोय.